टीव्हीवरचा एसीपी आणि घरातले फौजदार

पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणारे गृहस्थ 67 वर्षांचे आहेत. मुंबई पोलिसांत 34 वर्षं नोकरी करून 2016 मध्ये सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. त्यातली निम्मी नोकरी रायटर म्हणून गेली, म्हणजे तपास साहेबांचा आणि कागद यांचे. घरात पत्नी, मुलगा, सून आणि 10 वर्षांचा नातू. रोज रात्री जेवणं झाली की ‘सीआयडी’ लागते. पूर्वी जुने भाग लागायचे, डिसेंबर 2024 पासून नवेही सुरू झाले. गृहस्थ सोफ्यावर बसले की सुरू होतात. “पंच कुठे आहेत?” “मुद्देमाल हातात धरून फिरतोय बघा.” “अर्ध्या तासात रिपोर्ट? आम्हाला सात-सात महिने लागायचे.” सून उठून आत जाते. मुलगा आवाज वाढवतो.

एप्रिल 2025 मध्ये मालिकेतले एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) प्रद्युम्न बॉम्बस्फोटात गेले. पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं. गृहस्थ म्हणाले, “बरं झालं. 2008 लाच रिटायर व्हायला हवा होता. आता पेन्शनचे कागद तरी सरकतील.” पत्नी तीन दिवस बोलल्या नाहीत. पुढे प्रद्युम्नच्या जागी तरुण एसीपी आला. “हा कसला एसीपी, हा तर कॉलेजातला पोरगा,” असं पत्नी म्हणाल्या. एसीपीचं वय खरं तर एवढंच असतं, असं गृहस्थांनी समजावून सांगितलं. पुन्हा अबोला.

आणि आता नातू. “आजोबा, तुम्ही किती दारं तोडलीत?” एकही नाही, असं उत्तर मिळाल्यावर तो म्हणाला, “मग तुम्ही खरे पोलीस नव्हता.” (पत्रात इथे कंस आहे: ‘नोकरीत दोनदा दार फोडलेलं पाहिलं. दोन्ही वेळा अग्निशमन दलाच्या जवानांनी फोडलं. एकदा आत एकटे राहणारे म्हातारे गृहस्थ होते. पाच दिवस झाले होते. पंचनामा मीच लिहिला.’)

त्यांचा प्रश्न असा: ‘चुकीचं दाखवतात त्याला चुकीचं म्हणणं हा गुन्हा आहे का? घरच्यांना हे कसं पटवून देऊ?’

नमस्कार फौजदारसाहेब,

पत्र वाचून आधी मी पोटभर हसले. पेन्शनच्या कागदांचं वाक्य तर मी घरात वाचून दाखवलं, आणि आमच्याकडेही दोन तट पडले. दुसऱ्यांदा वाचताना मात्र त्या कंसाशी अडकले. त्याच्याकडे येते, पण जरा वेळाने.

आधी तुमची बाजू. मुद्द्यांवर तुमचंच बरोबर आहे, हे मी लेखी द्यायला तयार आहे. खून झाल्याचं कळल्यावर पहिला जातो तो बीटवरचा शिपाई, एसीपी नव्हे. तो गर्दी मागे सारतो आणि ठाण्याला कळवतो. शवविच्छेदन राजावाडीला किंवा कूपरला होतं, ते करणारे डॉक्टर वेगळे. व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतात आणि तो कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो, तिथली माणसं वेगळी. मालिकेत हे सगळं एकटे डॉक्टर साळुंखे करतात, आणि वर एसीपींशी हुज्जत घालायलाही त्यांना वेळ मिळतो. सीए रिपोर्टची, म्हणजे तिथल्या रासायनिक तपासणीच्या अहवालाची, वाट पाहताना तपासी अंमलदाराची बदली होते, पंच गाव सोडून जातात, मुद्देमालाच्या खोलीत लाखेचं सील उंदीर कुरतडतात. यातलं काहीही त्या पाऊण तासात मावत नाही. प्रद्युम्नचं काम करणाऱ्या शिवाजी साटम यांचा जन्म 1950 चा. 58 व्या वर्षी निवृत्ती धरली तर तुमचा 2008 चा हिशेबही अचूक. 1998 पासून हा माणूस एसीपीचा डीसीपी झाला नाही, यावर खात्यातल्या कुणी दाद कशी मागितली नाही कोण जाणे.

तेव्हा प्रश्न तुमच्या माहितीचा नाहीच. मला शंका आहे ती ‘पटवून देऊ’ या शब्दांबद्दल.

घरच्यांना ही मालिका खरी वाटते, असं तुम्ही धरून चाललाय. खरंच तसं आहे का? वहिनींचंच बघा. त्यांनी पोलिसाचा संसार केला. गणपतीच्या बंदोबस्तात तुम्ही अकरा-अकरा दिवस दिसत नव्हतात, तेव्हा घरचा गणपती कुणी आणला नि कुणी पोचवला? रात्रपाळीहून आल्यावर दिवसा पोरं ओरडू नयेत म्हणून दाराबाहेर कोण बसलं? पंच व्हायला कुणी तयार होत नाही, हे त्यांनी तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. चाळीसेक वर्षं पोलिसाच्या घरात काढलेल्या बाईला पोलीस कसे असतात हे टीव्हीच्या निमित्ताने शिकवायचं, म्हणजे कोळणीला मासे ओळखायला शिकवण्यासारखं झालं.

खरं मरण कुठलं आणि मालिकेतलं कुठलं, हेही त्यांना चांगलं कळतं. डिसेंबर 2023 मध्ये मालिकेतल्या फ्रेडरिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस खरोखर गेले. तेव्हाचं वाईट वाटणं वेगळं होतं. प्रद्युम्न गेल्यावर जे पाणी आलं ते वेगळं. चांगल्या कीर्तनात अभिमन्यूवधाला बायका पदर डोळ्यांना लावतात, ते अभिमन्यू शेजारच्या आळीत राहायचा म्हणून नव्हे.

मी मूळची सिंधुदुर्गातली. आमच्याकडे दशावतारात रंगमंचावर एक बाकडं असतं. तेच राजाचं सिंहासन, तोच रथ, प्रसंग पडला तर तोच डोंगर. राजा मघाशी मांडवामागे बिडी ओढत होता, हे पुढच्या रांगेतल्या पोरांनी पाहिलेलं असतं. तरी तो बाकड्यावर बसला की बसला. मात्र त्याच राजाने बोलता बोलता भाषा सोडली किंवा एखादं पद गाळलं, तर मागून म्हातारे ओरडतात. प्रेक्षक भोळा नसतो. कुठे सूट द्यायची आणि कुठे कान पकडायचा, हे तो ठरवून बसलेला असतो, एवढंच.

मालिकेचं तेच. इन्स्पेक्टर दया दार तोडतो हा तिथला नियम आहे. उद्या दयाने खिशातून किल्ली काढून दार उघडलं, तर ते कितीही वास्तव असलं तरी सगळा महाराष्ट्र म्हणेल की हे काही पटलं नाही बुवा. दयाचं काम करणारे दयानंद शेट्टी हे मुळात गोळाफेक-थाळीफेकीतले खेळाडू. तो खांदा दिसला की दार पडणार, याची खात्री बघणाऱ्याला आधीच मिळते. पात्राला माणूस निवडताना हेच बघतात. तो पोलिसासारखा दिसतो का, यापेक्षा या गोष्टीतल्या पोलिसाचं काम त्याच्या अंगावर बसतं का, हे महत्त्वाचं.

इथे तुमच्या दुसऱ्या भांडणाकडे येते. मला ते पहिल्यापेक्षा जास्त आवडलं. पार्थ समथान हा तिशीतला नट एसीपी आयुष्मान म्हणून आला आणि तुम्ही म्हणालात की वय याचंच बरोबर आहे. शंभर टक्के. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन थेट उपअधीक्षक झालेला मुलगा तिशीत शहरात एसीपी म्हणून येऊ शकतो. तुम्ही अशा साहेबांना सलाम ठोकले असतील, आणि पहिल्या आठवड्यात त्यांना फॉर्म कुठला, रजिस्टर कुठलं हेही शिकवलं असेल. म्हणजे पंचाहत्तरीला टेकलेला एसीपी अशक्य आणि तिशीतला शक्य. आणि प्रेक्षकांना नेमका शक्य असलेलाच खोटा वाटला! फक्त वहिनींना नाही, पुष्कळांना. पुढे मालिकेने प्रद्युम्नला परत आणलं. स्फोटात गेलेला माणूस परत येतो हे तर सगळ्यांत अशक्य, पण त्याबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही.

असं का झालं, याचं उत्तर तुमच्याच पत्रात सापडलं. तुम्ही लिहिलंय की दूरदर्शनवरची ‘एक शून्य शून्य’ तुम्ही आवडीने पाहायचात, ‘ती खरी पोलिसांची मालिका’. साहेब, त्यातही शिवाजी साटमच होते, आणि करणारेही ‘सीआयडी’वाले बी. पी. सिंगच. या चेहऱ्याला पोलीस म्हणून तुम्हीच आधी पसंती दिलीत. वहिनींनी तीच पुढे चालवली, तीही 2018 पर्यंतच्या 1547 भागांमधून. एवढी वर्षं एक माणूस दर आठवड्याला घरी येतो, बोटं फिरवत विचार करतो, ‘कुछ तो गडबड है’ म्हणतो आणि दहा वाजता लागलेला गोंधळ अकराच्या आत निस्तरतो. त्याच्या जागी कितीही गुणी मुलगा उभा केला तरी बघणारी बाई म्हणणारच, हा कोण? घरातल्या जुन्या डॉक्टरच्या खुर्चीत त्यांचा मुलगा बसला की आपण नाही का म्हणत, “मोठे डॉक्टर कधी येतात?” मुलगा एमडी असतो आणि बाप साधा एमबीबीएस, तरीही.

आता जरा अवघड जागी हात घालते. चुकलं तर सोडून द्या.

‘सीआयडी’ जानेवारी 1998 मध्ये सुरू झाली. तुमचा मुलगा तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेल, आज नातू आहे तेवढा. तुम्हीच लिहिलंय की ‘तेव्हापासून शुक्रवारी रात्री मायलेक हेच बघत बसायचे’. बसायचे. तुम्ही त्या वाक्यात नाही. तुम्ही ठाण्यात, पिवळ्या दिव्याखाली, कार्बन घालून जबाब लिहीत असाल. तुमच्या घरात शुक्रवारी रात्री एक पोलीस यायचा आणि तो तुम्ही नव्हता. तो वेळेवर यायचा, गुन्हा उकलायचा, आणि घरातली माणसं त्याच्याकडे कौतुकाने बघायची. तुमचं काम त्याच्या दसपट कष्टाचं होतं, पण ते बघायला घरातलं कुणीच तिथे नव्हतं.

तुमच्या हरकतींची यादी मी पुन्हा वाचली. पंच नाहीत, पंचनामा नाही, मुद्देमालाला लेबल नाही, स्टेशन डायरीत नोंद नाही. साहेब, या सगळ्या एकाच माणसाच्या कामाच्या गोष्टी आहेत. दीड हजारांवर भागांत त्या ब्युरोत एकदाही रायटर दिसला नाही! एसीपी आहे, इन्स्पेक्टर आहेत, डॉक्टर आहेत, दार तोडायलासुद्धा स्वतंत्र माणूस आहे, पण लिहिणारा कुणी नाही. ज्याच्या कागदावर कोर्टात केस उभी राहते किंवा पडते, तो माणूस गोष्टीत नाहीच. तुम्हाला खटकतं ते हेच असेल, तर तुमचं खटकणं रास्त आहे. पण मग ‘हे असं नसतं’ असं टीव्हीला सांगून काय उपयोग? ‘हे काम मी करायचो’ असं घरच्यांना सांगावं लागेल.

कसं, ते माझ्या मावशीवरून सांगते. ती महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होती. मालिकेत कुणी इस्पितळात पडलं की मावशी खवळायची. “सलाईनचं ठिबक पडतच नाहीये. सुई कुठे टोचलीय बघ. नाकात नळी आणि ओठांना लिपस्टिक!” आम्ही पोरं वैतागायचो. शेवटी आजीने कायदा केला: बोलायचं ते जाहिरात लागल्यावर, आणि एका भागाला एकच. मावशीला तो भारी पडला, कारण एकच म्हटल्यावर निवडावं लागतं. निवडता निवडता ती नुसत्या चुका काढायची थांबली आणि गोष्टी सांगायला लागली. “ठिबक पडत नाही” यापुढे “ठिबक मोजायला आम्हाला कसं शिकवलं, माहीत आहे?” असं यायला लागलं. मग जाहिराती संपल्या तरी आम्ही तिच्याकडेच बघत असायचो. मला ड्युटी, वॉर्ड, मेट्रन हे शब्द त्या जाहिरातींच्या वेळातच कळले.

तुम्हीही हा नियम लावून बघा. वकील, कंडक्टर, मुख्याध्यापक, ज्यांचं ज्यांचं काम टीव्हीवर चुकीचं दाखवतात आणि ज्यांचे घरचे त्यावरून कातावलेले आहेत, त्या सगळ्यांना हा चालेल. हरकती भाग चालू असताना वहीत टिपायच्या. तुम्हाला टिपण काढायला मी काय शिकवणार! भाग संपला की त्यातली एकच वाचायची, तीही कुणी विचारलं तर. मोबाईलवर बिनजाहिरातीचं बघत असाल तर मध्येच थांबवायला लावू नका. ते तर बोलण्यापेक्षा वाईट. आणि मरणाच्या प्रसंगी वही बंद. वहिनींच्या डोळ्यांत पाणी असताना पेन्शनचा विनोद कितीही चांगला असला (होताच), तरी तो दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत शिळा झाला नसता.

सगळ्याच हरकती सोडा असं मात्र मी म्हणणार नाही. इथे माझं मत जरा कडक आहे. चुका दोन तऱ्हेच्या असतात. रिपोर्ट अर्ध्या तासात येतो, एसीपी स्वतः झुडपात शोधतो, दार खांद्याने तुटतं, या सोयीच्या चुका. गोष्ट पुढे ढकलायला त्या लागतात, त्यांना सूट द्यावी. पण संशयिताच्या मुस्काटात बसते, तो लगेच सगळं कबूल करतो आणि ‘अब तुम्हें फाँसी होगी’ म्हणताच प्रकरण मिटतं, ही सोयीची चूक नाही. ही पाहणाऱ्याच्या डोक्यात राहते. दार चालेल, थप्पड नको, असं माझं म्हणणं. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात ते कलम 25 होतं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते 23 झालं. अटक केलेल्याला 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, हे तर राज्यघटनेतच आहे. नातू दहा वर्षांचा आहे. पोलिसाने मारलं की खरं बाहेर येतं, एवढंच त्याच्या मनात राहायला नको. भागाला मिळणारी एक हरकत कुठे खर्च करायची, तर इथे करा. आणि शिकवणी घेऊ नका. “आम्ही एकाला असं बोलतं केलं असतं तर जजसाहेबांनी काय केलं असतं, माहीत आहे?” असं म्हणून थांबा. तो विचारील.

तुमच्या काळातले काही नियमही आता बदललेत, तेवढे बघून ठेवा, नाहीतर सूनबाई एखाद्या दिवशी तुम्हालाच पकडतील. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायला सांगितलंय, मोबाईलवर केलं तरी चालतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे, अशीही तरतूद आलीय. म्हणजे ‘डॉक्टर साळुंखे जागेवर कशाला आले?’ ही हरकत पुढेमागे बाद होणार.

आता नातवाचं. “तुम्ही खरे पोलीस नव्हता” हे वाक्य तुम्हाला लागलं, ते पत्रावरून कळतं, कारण त्यापुढे तुमचं अक्षर बदललंय. पण दहा वर्षांच्या मुलाने ठेवलेला हा आरोप नाही, त्याला पुरावा हवाय. द्या की! पुढच्या रविवारी घरात एक गुन्हा घडवून आणा. शंकरपाळ्यांचा डबा अर्धा रिकामा झाला, एवढा पुरे. स्वयंपाकघरात कुणाला जाऊ देऊ नका. नातवाला कागद द्या आणि ‘आम्ही खालील सह्या करणारे पंच’ इथपासून लिहायला लावा. घटनास्थळाच्या चतुःसीमा: पूर्वेस ओटा, पश्चिमेस फ्रिज, उत्तरेस खिडकी, दक्षिणेस देव्हारा. डबा कुठल्या फळीवर, झाकण कुठे पडलंय, चुरा ओट्यापासून किती वितींवर. डबा प्लास्टिकच्या पिशवीत, वर लेबल, लेबलावर पंचांच्या सह्या. पंच म्हणून शेजारचे दोघे बोलवा आणि ते कसे टाळाटाळ करतात ते त्याला बघू द्या. सुरू केल्याची वेळ आणि संपवल्याची वेळ. मग तुम्ही आरोपीचे वकील व्हा आणि त्याच्या पंचनाम्यात भोकं पाडा. “चुरा ओट्यावर होता की जमिनीवर? दोन्ही कसं लिहिलंय?” एकदा त्याच्या पंचनाम्यामुळे त्याचा आरोपी सुटला ना, की दार तोडणं सोपं आणि लिहिणं अवघड हे तो स्वतः तुम्हाला येऊन सांगेल.

बरोबर बघायला हवं असेल तर ‘सीआयडी’चाच 2004 चा एक भाग शोधा. 111 मिनिटांचा अख्खा भाग एकाच सलग शॉटमध्ये घेतलाय, मध्ये कुठेही काट नाही. गिनेस बुकात त्याची नोंद झाली होती. तिथे कॅमेऱ्याला उडी मारून पुढे जाता येत नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. नट चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. खाडाखोड न करता एका बैठकीत पंचनामा लिहिणाऱ्या माणसाला त्यातली मेहनत कळेल. तुम्ही त्या मालिकेला एकदा शाबासकी दिलेली घरच्यांनी ऐकली, तर तुमच्या पुढच्या हरकतीलाही किंमत येईल.

आता तो कंस.

दोन दारं. अग्निशमनच्या जवानांनी फोडलेली. एकामागे पाच दिवसांनी सापडलेले म्हातारे गृहस्थ. तुम्ही चार छोट्या वाक्यांत उरकलंत आणि कंस बंद केलात. रायटरची सवय असेल, जेवढं पाहिलं तेवढंच लिहायचं. पण दया खांदा लावतो, दार धाडकन पडतं, आत खलनायक उभा असतो, आणि नातू टाळ्या वाजवतो, तेव्हा तुम्हाला दुसरंच दार दिसत असणार. वास येत असेल. त्या खोलीच्या चतुःसीमा तुम्हीच लिहिल्यात. भिंतीला कुठलं कॅलेंडर होतं, गॅसवर काय होतं, हे तुम्हाला आजही आठवत असेल. अशा वेळी “असं नसतं” एवढंच तोंडातून बाहेर पडतं, आणि घरच्यांना वाटतं की आजोबा पुन्हा चूक काढताहेत.

हे नातवाला सांगू नका, तो लहान आहे. त्याला शंकरपाळेच पुरेत. मुलाला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. वहिनींना मात्र सांगा. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन आधी आंघोळीला गेला असाल आणि जेवलाही नसाल. त्यांनी विचारलं असेल आणि तुम्ही “काही नाही, काम होतं” म्हणाला असाल. त्यांना तो दिवस आठवत असण्याची शक्यता बरीच आहे. बायका असे दिवस विसरत नाहीत, फक्त त्यांना त्यामागचं कारण ठाऊक नसतं. टीव्ही बंद असताना सांगा. सकाळी दूध यायच्या आधीची वेळ चांगली. आणि पाच दिवसांचं ते दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येऊन झोप मोडत असेल, तर ते नुसतं मनातल्या मनात झेलत बसू नका, डॉक्टरांशी बोला. वर्दीतल्या माणसांना याची लाज वाटते. वाटू नये.

एक राहिलं. पत्नी तीन दिवस बोलल्या नाहीत असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे चौथ्या दिवशी बोलल्या. पण तेव्हाचं त्यांचं पहिलं वाक्य पत्रात कुठेच नाही. चौतीस वर्षं जबाब लिहिलेल्या माणसाकडून ते चुकून राहिलं असेल, असं मला वाटत नाही. पुढच्या पत्रात तेवढं कळवा. शंकरपाळ्यांच्या पंचनाम्याची एक प्रतही पाठवा, पंचांच्या सह्यांसह.